नापास होता येईल अशी परीक्षा

—सत्तर. सत्तर टक्के लागतात, बरोबर वाचलंस तू. लेखी आत्ता, आणि दुपारी प्रात्यक्षिक, एकेकाला आत बोलावून. अगं बस ना, उभी कशाला राहतेस, साडेदहाशिवाय ते दार उघडत नाही, मी तिसऱ्यांदा आलेय इथे, मला या हॉटेलचा गालिचासुद्धा पाठ झालाय. ते फुगे बघ छताला चिकटलेत — शनिवारचं कुणाचं तरी लग्न. म्हणजे कालपरवा इथे नाचत होते लोक, आणि आज आपण मांडीच्या स्नायूंची नावं घोकत बसलोय. काय म्हणालीस? खरी आहे का ही परीक्षा? म्हणजे याला कुणी विचारतं का बाहेर? अगं, बरं केलंस विचारलंस. हे तू पैसे भरायच्या आधी विचारायला हवं होतंस, पण असू दे, मी तर तेव्हाही विचारलं नव्हतं. खरी आहे. मी खोटी दिलेय ना, त्यामुळे मला फरक कळतो.

हसू नकोस. खरंच दिली. मी ट्रली गावची, डर्व्हला कॉटर. अकरा वर्षं एका जिमच्या काउंटरवर बसलेय — टॉवेल द्यायचे, चाव्या घ्यायच्या, सगळ्यांना ‘कसं काय’ विचारायचं. मालक मॅलकी. वाईट नाही माणूस, पण कुठलंही काम दुसऱ्यानं फुकट केलं तर त्याला जास्त आवडतं. तर मागच्या वर्षी त्याची सकाळची बाई सोडून गेली — म्हाताऱ्यांचा वर्ग घ्यायची ती — आणि मॅलकी मला म्हणाला, डर्व्हला, तू एवढी वर्षं बघतेयस, एखादं सर्टिफिकेट आण कुठूनतरी आणि तूच घे ना. कुठूनतरी! हाच शब्द. आणि मी आणलं कुठूनतरी. घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहा पीत, पुस्तक उघडं ठेवून चाळीस प्रश्न. चुकलं की लाल व्हायचं, मग दुसरं उत्तर दाबायचं. ब्याण्णव टक्के मिळाले! आणि सहा मिनिटांत सर्टिफिकेट आलं, सोनेरी शिक्का, वर लिहिलेलं ‘मास्टर ट्रेनर’. मी शाळेत कधी पन्नासच्या वर गेले नव्हते गं. अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर हलतात, लहानपणापासून. वाचते, पण हळू, ओळीखाली बोट ठेवून. आणि इथे ब्याण्णव. चौकट करून भिंतीवर लावलं मी ते.

तर कसं ओळखायचं, तेच सांगत होते. हे कोर्सवाले सगळे सारखेच दिसतात — तेच दंड फुगवलेले फोटो, तेच ‘जगभर मान्य’. मी या वेळेला काय केलं, तर फोन लावला आणि एकच विचारलं: तुमच्याकडे नापास किती होतात? पहिल्या ठिकाणची — सोनेरी शिक्केवाली — पोरगी काय गोड बोलली, म्हणाली, अजिबात काळजी करू नका, आमच्याकडे कुणीच नापास होत नाही! आणि इथला माणूस, घशात सर्दी अडकलेला, म्हणाला, दहातले तीनचार होतात बाई, अभ्यास करून या. मला इतकं बरं वाटलं, तुला सांगते! म्हटलं, हे खरे. बाकीचं मग सगळं जुळत गेलं — इथे चेहरा आणि ओळखपत्र ताडून बघतात, फोन टोपलीत टाकायला लावतात, समोर माणूस उभा करतात आणि प्रत्यक्ष दाखवावं लागतं, आणि मुख्य म्हणजे विमावाले हा कागद मानतात. माझा पहिला कागद त्यांनी मानला नव्हता. ते कसं कळलं? ते — ते असं कळलं की एक अपघात झाला.

आमच्या वर्गात एक बाई यायच्या. नूला प्रेंडरगास्ट. एकाहत्तर वर्षांच्या, शाळेत शिक्षिका होत्या, मलाही होत्या दुसरीला — ओळीखाली बोट ठेवायला त्यांनीच शिकवलं मला. अख्खं गाव त्यांना बाईच म्हणतं. ताठ, पांढरे बूट, आणि कुणी पाठ वाकवून बसलं की काउंटरपर्यंत ऐकू येईल असं खाकरायच्या. माझ्या वर्गाच्या पहिल्याच दिवशी मी त्यांना पायरीवर चढउतार करायला लावलं, त्या छोट्या लाकडी खोक्यावर, आणि मनगटावरचं यंत्र बघत होते — ठोके अठ्ठ्याण्णव. बास, अठ्ठ्याण्णव! बाकी सगळ्यांचे एकशेवीस-तीस, आणि बाईंचे अठ्ठ्याण्णव. मला वाटलं, बाई फसवतायत. ओरडले मी मजेत — बाई, गाडी अजून पहिल्याच गियरमध्ये आहे, चला, चला! तोंड लाल झालं होतं त्यांचं. म्हणाल्या, डर्व्हला, मला जरा — आणि वाक्य पुरं नाही केलं. बाईंनी. ज्यांनी आयुष्यात कधी वाक्य अर्धं सोडलं नाही. खोका आणि भिंत यांच्यामध्ये पडल्या. खुबा मोडला.

तुला माहीत आहे ना का ते? माहीत आहे, दिसतंय तुझ्या तोंडावर, अभ्यास केलायस तू. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके आवरून धरतात. माणूस मरायला टेकला तरी यंत्रावर आकडा चढत नाही. म्हणून आकडा बघायचा नाही, माणसाला विचारायचं — किती दम लागलाय? — आणि एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते ऐकायचं. अकरावं प्रकरण. माझ्या त्या चाळीस प्रश्नांत गोळीचा ग सुद्धा नव्हता. होता एक प्रश्न, ‘चांगल्या ट्रेनरमध्ये काय हवं?’, आणि उत्तर होतं, ‘उत्साह’.

नाही, पोलिस वगैरे काही नाही. विमावाल्यांनी हात वर केले, मॅलकी पांढराफटक पडला, म्हणाला, वर्ग बंद, तू काउंटरवरच बस, आणि खरा कागद आणलास तर जूननंतरही ठेवतो, नाहीतर काउंटरही नाही. पण बाई — बाईंनी तक्रारच केली नाही. मी दवाखान्यात गेले तेव्हा पाय तारेनं टांगलेला, आणि मला म्हणतात, रडू नकोस, नाक पूस, आणि आता नीट अभ्यास कर. आणि त्यांनीच घेतला गं माझा अभ्यास! घरी आल्यावर, खालच्या खोलीत पलंग टाकलाय त्यांचा, मंगळवार आणि शुक्रवार मी जायची, त्या प्रश्न वाचायच्या, मी उत्तर द्यायची. मला वाचायला वेळ लागतो ना, म्हणून त्या वाचायच्या. खांद्यातले ते चार बारीक स्नायू माझ्या काही केल्या लक्षात राहीनात, तर बाईंनी त्यांना शाळेतल्या चार नन्सची नावं दिली — ही वर बसते आणि हात उचलते, ही मागून ओढते, आणि ती चौथी पुढे लपून बसते, सिस्टर बेनिग्नासारखी. आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांचा चहा चादरीवर सांडला. म्हणायच्या, तू पास झालीस की मी परत येणार तुझ्या वर्गाला, कुबडीसकट.

मग दोनदा नापास कशी झाले, हेच ना? अगं, पहिल्या वेळेला जानेवारीत आले, चांगलं चाललं होतं, तीस प्रश्न झाले. एकतिसावा — एक बाई, वय सत्तर, अमुक गोळ्या घेते, ठोके शहाण्णव, दमलेली दिसते, तुम्ही काय कराल? चार पर्याय. मला उत्तर येतं! त्या अख्ख्या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणाला येत नसेल. आणि मी उठले आणि बाहेर आले. मार्चमध्ये लेखी निघाली कशीतरी, तर दुपारी त्या परीक्षकानं विचारलं, नवीन माणूस आला की सगळ्यात आधी काय कराल? साधा प्रश्न. तो म्हणाला, सावकाश सांगा. मी त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत उभी राहिले, शेवटी त्यानंच कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, बरं, धन्यवाद.

फॉर्म वाचायचा. हेच उत्तर आहे. सगळ्यात आधी त्यानं भरून दिलेला फॉर्म वाचायचा.

बाईंनी? दिला होता, हो. — दिला होता म्हणजे — नाही, थांब, मी सगळ्यांना सांगितलं की दिला नव्हता. तू मला असं बघू नकोस. सकाळची घाई, अकरा माणसं उभी, आणि बाईंनी माझ्या हातात कागद ठेवला, आणि त्यांच्यासमोर बोट ठेवून वाचायची मला लाज वाटली — समजतंय का तुला? त्यांच्यासमोर! अजून बोट ठेवतेय असं त्यांना दिसू नये म्हणून मी नुसतं ‘छान, छान’ म्हटलं आणि फाइलमध्ये सरकवला. रुग्णवाहिका गेल्यावर काढला. बाईंचं अक्षर तुला काय सांगू, छापल्यासारखं. गोळीचं नाव, किती, कधीपासून, आणि खाली लिहिलेलं, ‘व्यायामापूर्वी कळवावे असे डॉक्टरांनी सांगितले आहे’, आणि त्याखाली दोन रेघा. दोन रेघा मारल्या होत्या गं. मी तो फाडला. बारीक बारीक केला आणि घरी जाताना चिप्सच्या दुकानामागच्या कचऱ्यात टाकला. मॅलकीनं विचारलं, फॉर्म कुठे आहे? मी म्हटलं, बाईंनी दिलाच नाही.

मला वाटलं, एवढंच. त्यानं कुणाचं काय जातंय? पण बाईंना ते सांगितलं कुणीतरी. आणि त्या म्हणाल्या, पण मी दिला होता की... मला पेनसुद्धा आठवतंय. तर ओर्ला, त्यांची मुलगी, डब्लिनला असते, ती म्हणाली, आई, इस्टरला तू ओव्हनमधला केक विसरली होतीस, आठवतंय ना? झालं. तिथून सुरू झालं. बाई स्वतःवरच शंका घ्यायला लागल्या. दाराला कडी घातली का म्हणून तीनतीनदा उठायच्या, वॉकर घेऊन. भिंतीवर चिठ्ठ्या लावल्या. मग स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे नेलं, तो विचारतो, आज वार कोणता, आणि बाई घाबरून चुकल्या. अगं, मी चुकते वार, काउंटरवर बसून! पण त्याच्या कागदावर लागली ना फुली. माझा हात धरून म्हणाल्या मला, डर्व्हला, तुला किती त्रास झाला माझ्या विसरण्यामुळे, मला माफ कर. मला माफ कर म्हणाल्या! आणि मी काय केलं माहीत आहे? मी म्हटलं, असू दे बाई, होतं असं. आणि पुढचा प्रश्न वाचा म्हटलं.

आता घर विकतायत. ओर्लाच्या जवळ, डब्लिनला, एक जागा आहे, जिथे दारं बाहेरून लावतात — विसरणाऱ्या लोकांची. गिऱ्हाईक मिळालंय घराला. मी ठरवलंय, ही परीक्षा होऊ दे, मग सांगते. नक्की सांगते. खरा कागद हातात घेऊन जाईन, म्हणजे निदान — म्हणजे त्यांना वाटेल की पोरगी अगदीच — हो, कळतंय मला. कागद खरा असेल, त्यावरचं नाव माझंच असणार ना. तो सर्दीवाला माणूस ओळखपत्र बघेल, चेहरा बघेल, आणि आत सोडेल. त्याला काय दिसणारेय?

घराची सही कधी आहे? — तू का विचारतेस? आज. आज अकराला, वकिलाच्या ऑफिसात. म्हणून तर आज आले ना मी! म्हटलं, तीन तास फोन टोपलीत, कुणी विचारणार नाही, बाहेर येईन तोवर झालेलं असेल, मग सांगून तरी — नको ना बोलूस. किती वाजले? साडेदहा? उघडलं बघ दार. तो बघ, टोपली घेऊन उभा.

नाही, तू जा. जा गं, तुझं आडनाव आधी येतं, त्याला म्हणावं — काही नको म्हणूस. अकराव्या प्रकरणाचं लक्षात ठेव, येतोच तो. अगं जा, तो थांबायचा नाही माझ्यासाठी आणि थांबूही नये, मला हा फोन करू दे — लागतोय. लागतोय. सोड माझा हात, काही झालं नाही मला, दोन मिनिटं एकटी राहू दे, जा म्हटलं ना!

हॅलो, ओर्ला? — बाई? बाई, तुम्ही उचललात? कुठे आहात, गाडीत? — नाही, परीक्षेत नाही मी. बाहेर आहे. ऐका. बाई, मधे बोलू नका, एकदाच ऐका, नाहीतर माझ्यानं होणार नाही. सही करू नका. तुम्ही काही विसरला नव्हता.