धाकटी घागर

निजामाच्या अमलातला उन्हाळा. मुरुमच्या बाजारात कुंभारापुढं कमलबाई ओळीत उभी होती. तिच्या पुढं एक म्हातारी, अन् डोळ्यांपर्यंत पदर ओढलेली एक तरणी बाई.

"एवढीशी कशाला घेतीस, माय?" म्हातारीनं त्या तरणीला विचारलं. "मोठी घे. खाली ओली वाळू घाल, वर ओलं फडकं गुंडाळ. पाणी गार ऱ्हातं."

"धाकटीच पुरं, मावशी."

"मालक रानात जात्यात न्हवं? जाताना आंबील पाज. पटक्यात कांदा बांध, ऊन बाधत न्हाय."

"समदं केलतं. त्या दिशी बी कांदा बांधला व्हता."

"कोण्या दिशी?"

"सायबाच्या दौऱ्याला वेठीला धरून नेलं. भर दुपारी तंबूची ओझी वाहायला लावली, पाण्याला बी थांबू दिलं न्हाय. माणसांनी उचलून आणलं, तवा कांदा पटक्यात तसाच व्हता."

"आगं माय माझे..."

"परवा आखिती. त्यांच्या नावानं पाणी भरून ठिवायचंय. एक इचारू, मावशी?"

"इचार की."

"त्यांना वाळ्याचं पाणी लई आवडायचं. गेलेल्याच्या घागरीत वाळा टाकलेला चालतो का वो?"

म्हातारीनं धाकटी घागर उचलली, बोटानं वाजवून बघितली अन् तिच्या हातात दिली.

"टाक, माय. अन् सावलीत ठिव."