हात लावू का सर?

तेजसच्या इंटरव्ह्यूचं तुम्हाला सांगितलं का रे मी? लालबागचा तेजस. आम्ही युनिव्हर्सिटीत एकत्र नॅनोटेक्नॉलॉजी करत होतो. डिपार्टमेंटला नवाकोरा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला, आणि आमच्या हेड सरांचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव. ट्रेनिंगला त्यांनी आम्हाला हात मागे बांधून उभं केलं आणि पडद्यावर त्या मशीनचे फोटो दाखवले. मशीन शेजारीच होतं!

तेजस म्हणाला, "सर, एकदा चालवून बघू?"

"बिघडलं तर परदेशातून माणूस बोलवावा लागतो, कळतं का?"

शेवटी सगळ्यांना सर्टिफिकेट मिळालं, 'प्रत्यक्ष हाताळणीचं प्रशिक्षण' पूर्ण केल्याचं.

त्याच्या जोरावर तेजसला एका कंपनीत बोलावणं आलं. तिथल्या मॅडमनी त्याला तसल्याच मशीनपुढे नेलं, हातात सॅम्पल दिलं आणि म्हणाल्या, "हं, लावा."

तेजसने सॅम्पलसकट हात मागे बांधले. विचारतो, "मॅडम, हात लावू?"

"मग काय, नमस्कार करणार?"

नोकरी हातची गेली. तेजस तडक सरांकडे भांडायला. सर शांतपणे म्हणतात, "कोणालाही हात लावू देतात? अशा कंपनीत तू नाही लागलास तेच बरं."

घरी वडिलांना सगळं सांगितलं. ते चहा ढवळत म्हणाले, "माझ्या बापाला गिरणीत पहिल्याच दिवशी कापड विणायला साच्यावर उभा केला होता. तुझा हा सर तिथे मास्तर असता ना, तर अख्खी मुंबई नागडी फिरली असती."