असुकाच्या थडग्यातला लाडू

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जपानमध्ये आम्ही राहतो त्या कोबेहून एका दिवसाच्या टूरवर असुकाला नेलं होतं, तेव्हाचं सांगते. तिथे प्रचंड शिळांचं एक प्राचीन थडगं आहे. आत शिरल्यावर आमच्या वयस्कर गाइड मोरी-सान म्हणाल्या, "इथे कोणाला पुरलं होतं, ते खात्रीने सांगता येत नाही."

मी भाषांतर केलं. आईंचा चेहराच उतरला. "म्हणजे बिचाऱ्याचं श्राद्धसुद्धा कुणी करत नाही?" असं म्हणत त्यांनी पर्समधला बेसनाचा लाडू काढून दगडावर ठेवला आणि हात जोडले.

मी घाबरले. वाटलं, आता बोलणी बसणार. पण मोरी-सान आईंच्या शेजारी येऊन वाकल्या, आणि मग अख्खा ग्रुप वाकला.

थोड्या वेळाने त्या हळूच मला म्हणाल्या, "माफ करा, पण निघताना तो लाडू उचलायला सांगा. आमच्याकडे कबरीवर खाऊ ठेवून जात नाहीत, कावळे येतात."

मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मग येऊ देत की! त्यांना सांग, आपल्याकडे त्या एका कावळ्यासाठी सगळं घर उपाशी ताटकळतं!"