ठाण्यातला दुभाष्या

कोठड्यांची पाहणी करणाऱ्या आमच्या समितीचं काम म्हणजे नुसतं पोलीस ठाण्यात जाऊन चहा पिणं, असं वाटतं ना तुम्हाला? मग हे ऐका. कोठडीत मारहाण होऊ नये म्हणून आम्ही एका ठाण्याला शिफारस केली होती, की मराठी न येणाऱ्या आरोपीला दुभाष्या द्यावा. ती पाळली का, हे बघायला परवा मी गेले. ठाण्याचे साहेब म्हणाले, "दिलाय की मॅडम," आणि एका हवालदाराला पुढं केलं.

कोठडीत मैंदर्गीकडचा एक मेंढपाळ होता, फक्त कन्नड बोलणारा. मी हवालदारामार्फत विचारलं, "तुम्हाला कुणी मारलं का?"

तो बराच वेळ बोलला. सदरा वर करून त्यानं पाठीवरचे वळ दाखवले आणि शेवटी हवालदाराकडंच बोट केलं.

हवालदार म्हणाला, "काय तक्रार न्हाय म्हणतोय."

"मग बोट तुमच्याकडं का?"

"दुभाष्या चांगला हाय म्हणतोय."

मी हट्ट धरून मेंढपाळाला लगेच सरकारी दवाखान्यात तपासायला न्यायला लावलं. डॉक्टरबाई अक्कलकोटच्या निघाल्या. त्यांनी कन्नडमध्ये सगळं ऐकलं, लिहून घेतलं आणि हवालदाराला शांतपणे म्हणाल्या, "तुमचं पूर्ण नाव सांगा. ह्याला फक्त आडनाव माहीत आहे."