सदर छत्री विमान समजण्याबाबत

दि. २३ एप्रिल २००३

मी, सदानंद केशव ओगले, वय ५१ वर्षे, धंदा वार्ताहर व संस्कृतच्या शिकवण्या, रा. आगाशी, ता. वसई, जि. ठाणे, समक्ष हजर राहून जबाब देतो की,

आज सकाळी माझी पत्नी सौ. मंदा हिने गच्चीवर कुरडया वाळत घातल्या असता त्यांवर आकाशमार्गे सावली पडून त्यांचे ऊन बुडाले. सदर सावली गॅब्रिएल लोपीस यांच्या पॅराग्लायडरची होती. ते आखातातून परतले असून पाठीला इंजिनाचा पंखा बांधून, कापडी छत्रीखाली अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून उडतात. हवालदारसाहेब म्हणाले की, सावली कावळ्याचीही पडते. त्यावर मी सांगितले की, कावळा हात हलवत नाही, व त्याला गच्चीवरून कोणी उलट हात हलवत नाही.

माझे म्हणणे असे की, सदर छत्री विमान समजावी व परवान्यावाचून उडू देऊ नये. कायद्यातल्या विमानाच्या व्याख्येत पतंगही येतो, हे मी वाचले आहे. त्यावर हवालदारसाहेब म्हणाले, "मास्तर, मग संक्रांतीला अख्खं विरार आत घ्यावं लागेल."

शास्त्राधार कोणी विचारला नव्हता, तरी दिला. पुष्पक विमानात कितीही बसले तरी एक जागा उरते, अशी परंपरा आहे. या यानात जागा दोनच, आणि येत्या रविवारी दुसरीवर मंदा बसणार आहे. ती व गॅब्रिएल शाळेत एका वर्गात होते. तो तिला 'मंदे' म्हणतो. मी 'ऐकलंस का' म्हणतो.

उडण्यापूर्वी दोघांना पट्ट्यांनी एकत्र जखडून, पावलात पाऊल मिळवून धावावे लागते. त्याची तालीम काल संध्याकाळी किनाऱ्यावर झाली. मी वार्ताहर या नात्याने सुरूच्या झाडामागे हजर होतो. तिचे पाऊल पहिल्याच खेपेस जुळले. बाजारात जाताना मी पुढे असतो व ती मागे.

आज पहाटे मी तिला दोरी तुटण्याच्या शक्यतेबद्दल विचारले. ती कुरडयांचा चीक ढवळत होती. म्हणाली, "तुम्ही या की बघायला. खालूनसुद्धा छान दिसतं म्हणे."

गॅब्रिएलविरुद्ध माझी शिवीगाळीची वा दमदाटीची तक्रार नाही. माणूस सज्जन आहे, हीच अडचण.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. सहीपूर्वी हवालदारसाहेबांनी, खरी काळजी कसली तेही लिहू का, असे विचारल्यावरून एक ओळ वाढवतो. वर गेल्यावर मंदा घाबरणार नाही, याची मला काळजी वाटते.