ओमचा रिकामा चौकोन

जळगावहून धुळ्याला निघालेल्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या आजी-नातीचं बोलणं कानावर आलं, तसा संघमित्रानं हातातला पेपर मिटला.

"दादी, आत्याच्या सासरी ही पत्रिका कशी द्यायची? वर आपला जैन ओम हवा, तर रिकामा चौकोन छापून आलाय!"

"तू घरी टाइप केलास तेव्हा दिसत होता की."

"कॉम्प्युटर अक्षर पाठवत नाही, त्याचा नंबर पाठवतो. आपल्या ओमलाही नंबर आहे, पण प्रेसवाल्याच्या फॉन्टमध्ये त्या नंबरचं चित्रच नाही."

"म्हणजे आपल्या सावद्याच्या प्लॉटसारखं. नंबर पडला, घर बांधायचं राहिलं."

"हसू नको! अर्हमदादाचं लग्न आहे, तो मला सोडणार नाही."

"रिद्धी, केशराचे शिंतोडे उडवल्याशिवाय आपण पत्रिका देतो का कधी? मग आज त्याच केशरानं ओम काढू. डबी दे इकडे."

"चालत्या बसमध्ये? हात हलेल तुझा!"

"पारोळा येऊ दे."

पारोळ्याला बस थांबली. आजीनं केशरात बोट बुडवलं आणि तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारायला दोरी धरली.

"ओ भाऊ," संघमित्रा मागून ओरडली, "दोन मिनिटं थांबा! इथं घर बांधणं चाललंय!"