मुरमाडातला मुक्काम

(घाटनांदूर. मोहनरावांच्या रानात सकाळची वेळ. धुळाजीची मेंढरं अजून वाघरीच्या जाळीत. मोहनरावांचा मोबाइल स्पीकरवर; पलीकडे धुळाजीची लेक संगीता, विद्यापीठाच्या हॉस्टेलातून.)

संगीता : ...म्हणून म्हणते आबा, मी सांजच्या गाडीत बसते. मला न्हाई जमायचं हितं.

धुळाजी : बरं.

संगीता : बरं काय बरं! कावून येतीस, एवढं तरी इचारा.

मोहनराव : मी इचारतो. एमएस्सीला जाऊन महिना न्हाई झाला, कावून येतीस गं?

संगीता : मोहनकाका, तुमी ऐकताय व्हय?

मोहनराव : फोन माझा, स्पीकर माझा. तुझ्या बापाचा फोन कधी चालू असतो? बोल.

संगीता : उद्या माझा सेमिनार हाय. जमिनीच्या सुपीकतेवर. काल सरावाला उभी राहिले, दोन वाक्यं बोलले आन् मागचा बाक हसला. ती आरोही म्हणती, संगीता 'लई' किती वेळा म्हणती ते मोजू. पुढचं काय सुचंना. तशीच खाली बसले. उद्या पुन्हा उभी राहिले तर मरून जाईन मी.

धुळाजी : ये मग. वाघर उचलायला हात कमीच पडतेत.

मोहनराव : ये काय म्हणतोस बे? सहा साल माझ्या मुरमाडात काय झक मारायला बसलतास?

धुळाजी : मालक, ऱ्हाऊ द्या.

संगीता : काय ऱ्हाऊ द्या? काका, सांगा.

मोहनराव : सांगतोच. तू हितंच आत्याकडं राहून शाळा करत व्हतीस. सुगी सरली की नदीकाठची लोकं तुझ्या बापाला म्हणायची, आमच्या काळ्या रानात मेंढरं बसव, खत होईल, ज्वारीचं पोतं देतो. ह्यो मातूर दरसाली माझ्या दगडगोट्यात. पोतं नको, काय नको.

संगीता : आबा म्हणायचे, तिथं वारं बरं लागतं.

मोहनराव : वारं कसलं! त्या चढावरून तुझ्या वर्गाची खिडकी दिसायची. तुझ्या धाव्वीला तर कहर केला यानं. धनगर एका रानात चार मुक्काम टाकून उठतो. ह्यो तुझे पेपर सरंपर्यंत महिनाभर हालला न्हाई. लेंडीखत इतकं झालं, वर पावसानं ओढ दिली, माझी बाजरी पार करपली.

धुळाजी : चूक झाली व्हती. शेंबडं पोर करणार न्हाई अशी चूक.

मोहनराव : लई शिव्या घातल्या मी. पण दुसऱ्या साली त्याच मुरमाडात तूर छातीला लागली, तवा गप बसलो.

संगीता : आन् अंबाजोगाईला, आबा? कॉलेजच्या तीन साली?

धुळाजी : तिथं मुंजाजीचं टेकाड व्हतं. तू ऱ्हायचीस त्या माडीवरची तिसरी खिडकी दिसायची. तू हिरवी ओढणी वाळत टाकायचीस. तिथं दिवा लागला की मी भाकर खायचो.

संगीता : ...तुमी कधी बोलला न्हाईत.

धुळाजी : बोलायचं काय त्यात? गाडी कितीची हाय तुझी?

संगीता : कसली गाडी! थांबा, वही घेते. एका एकरात किती मेंढरं, किती मुक्काम, कधी उठायचं, सगळं सांगा. काका, तुमी बी जाऊ नका. बाजरी कशी करपली ते पयल्यापास्नं.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच रानात. मोबाइल पुन्हा स्पीकरवर.)

संगीता : आबा, जिंकले मी! जिंकले!

धुळाजी : हसले का?

संगीता : हसले की. मीच हसवलं! 'आमच्या आबानं काकांची बाजरी जाळली' म्हणलं, तसा सगळा वर्ग हसला. मग फळ्यावर वाघर काढली आन् कुणी चकार शब्द काढला न्हाई. घरी बोलते तशीच बोलले, एकदा बी अडखळले न्हाई. दहा मिनिटांचा सेमिनार पाऊण तास चालला. ती आरोही वही घेऊन मागं आलती, म्हणती, मुक्कामाचं गणित पुन्हा सांग.

मोहनराव : माझं नाव घेतलंस का?

संगीता : बाजरीचं सांगितलं, शिव्यांचं झाकलं.

मोहनराव : शाब्बास! इज्जत राखली पोरीनं. आरं धुळाजी, डोळे कावून पुसतोस?

धुळाजी : रडू येतंय म्हणून.

संगीता : आबा, ऐका तर. आमच्या सत्यशीला मॅडम म्हणल्या, हे पुस्तकात न्हाई, ह्याच्यावरच तू दोन साल काम कर. आमच्या इमारतीमागं चार एकर मुरमाड पडीक हाय. सुगी सरली की वडील मेंढरं घेऊन येतील का, म्हणून इचारलंय. रीतसर पत्र देणार हायेत, विद्यापीठाचं!

मोहनराव : आयला! बघ बे, विद्यापीठातनं बोलावणं! मी टेम्पो करून देतो.

धुळाजी : टेम्पो कशाला? बारा दिसांची चाल हाय.

संगीता : म्हंजी येताल? चारा हाय, हिरीला पाणी हाय, तुमच्या झोपायची...

धुळाजी : चारापाण्याचं बघू गं. तिथनं तुझी खिडकी दिसती का?